६४० टेस्ट, ६६५ निकाल: स्वतःचा रिपोर्टर लिहिताना हिशेब कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत दोन वर्षं टेस्ट ऑटोमेशन करणाऱ्या एकाने, वेबसाइटच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या प्लेराइट या टूलसाठी, टाइपस्क्रिप्टमध्ये स्वतःचा रिपोर्टर (टेस्टचे निकाल गोळा करून सांगणारा कोड) लिहिलाय. रात्री चार शार्डमध्ये (वाटून दिलेल्या भागांत) मिळून ६४० टेस्ट चालतात आणि सकाळी मॅनेजरच्या ग्रुपवर ‘किती टक्के पास’ असा एक मेसेज जायला हवा. प्रत्यक्षात चार मेसेज पडतात, एखाद्या दिवशी तीनच, आणि बेरीज केली की एकूण आकडा ६६५ येतो. लॅपटॉपवर चालवलं की सगळं बरोबर. आता विचारणं असं की कोडमध्ये नक्की काय चुकलंय, आणि हे सगळं गुंडाळून एखादं तयार टूल लावावं का.

तुम्ही टाकलेला कोड वाचला. (फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, ओळखाल.) तुम्हाला हे एकच दुखणं वाटतंय, पण ती तीन आहेत: मोजता ते काय मोजता, चार मशीनचा निकाल एकत्र कुठे होतो, आणि मेसेज पाठवण्याचं काम कुणाचं. तिन्ही एकाच फाइलमध्ये कोंबल्यामुळे एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडल्यासारखं वाटतं.

आधी मोजणी. ऑन-टेस्ट-एन्डमध्ये तुम्ही काउंटर ठेवलाय. टेस्ट पास झाली की पासचा आकडा वाढतो, फेल झाली की फेलचा. दिसायला सरळ आहे आणि माझा पहिला रिपोर्टरही असाच होता. घोळ एवढाच की प्लेराइट ते फंक्शन टेस्ट संपल्यावर एकदा बोलावत नाही, टेस्टचा प्रत्येक प्रयत्न संपला की बोलावतं. रिट्राय (फेल झाल्यावर पुन्हा चालवणं) दोन असतील तर कायमची फेल होणारी टेस्ट तुमच्या काउंटरला तीनदा भेटून जाते.

तुम्ही दिलेल्या एचटीएमएल रिपोर्टमध्ये ४ फेल, १४ फ्लेकी (आधी फेल, पुन्हा चालवल्यावर पास), ९ स्किप दिसतायत. त्यावर हिशेब करून बघू. चार फेल टेस्टचे प्रत्येकी दोन प्रयत्न जादा, झाले ८. फ्लेकींपैकी ११ दुसऱ्या खेपेला आणि ३ तिसऱ्या खेपेला पास झाल्या असं धरलं तर त्यांचे ११ अधिक ६, म्हणजे १७. आठ नि सतरा पंचवीस. ६४० मध्ये मिळवा, आले तुमचे ६६५. लॅपटॉपवर हे दिसत नाही, कारण नवा प्रोजेक्ट सुरू करताना प्लेराइट जी कॉन्फिग फाइल बनवून देतं, तिच्यात सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) रिट्राय दोन आणि इतरत्र शून्य असं लिहिलेलं असतं. तुमच्या टेबलावर प्रयत्न आणि टेस्ट हे एकास एकच होते.

आता गंमत पाहा. तुमच्या मोजणीने ६६५ पैकी ६२७ पास, म्हणजे ९४.३ टक्के. टेस्टप्रमाणे मोजलं तर ६४० पैकी ६२७, जवळपास ९८. स्किप केलेल्या बाजूला काढल्या तर ६३१ पैकी ६२७, ९९.४. आणि पहिल्याच खेपेला पास झाली तीच पास असं कुणी म्हटलं तर ६३१ पैकी ६१३, ९७.१. एकाच रात्रीचे चार आकडे. पहिला चूक आहे, उरलेले तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत. यातला कोणता ग्रुपवर जावा हे मी सांगू शकत नाही, तुमचा कोडही सांगू शकत नाही. रिलीज थांबवायची की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं तो घ्यायचा. ते मॅनेजरला तोंडावर विचारा आणि उत्तर लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ‘मागच्या रिलीजला तर ९९ होते’ हा वाद तुमच्याच टेबलावर येणार.

कोडमधली दुरुस्ती छोटी आहे. ऑन-बिगिनमध्ये जो सूट (सगळ्या टेस्टचा संच) मिळतो तो जपून ठेवा. ऑन-टेस्ट-एन्डमध्ये काही मोजू नका. ऑन-एन्डमध्ये त्या सूटवर ऑल-टेस्ट्स बोलवा आणि प्रत्येक टेस्टचा आउटकम विचारा. तो चारांपैकी एक असतो: एक्स्पेक्टेड, अनएक्स्पेक्टेड, फ्लेकी किंवा स्किप्ड. सगळ्या रिट्रायांचा विचार करून प्लेराइटने तो काढलेला असतो. ‘पास’ न म्हणता ‘एक्स्पेक्टेड’ म्हणण्यालाही कारण आहे. एखादी टेस्ट फेलच व्हायला हवी असं आपण सांगून ठेवलेलं असतं आणि ती फेल झाली, तर ते अपेक्षितच.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेय. स्किप्ड या डब्यात दोन वेगळ्या जाती येतात. एक, आपण मुद्दाम वगळलेल्या. दुसरी, ज्यांच्यापर्यंत पाळी आलीच नाही: रन मधेच थांबवला, पूर्ण रनची वेळ संपली, किंवा जास्तीत जास्त किती फेल चालतील ती मर्यादा ओलांडली. रन दोनशे टेस्टनंतर मेला तरी उरलेल्या चारशे चाळीस टेस्ट निमूटपणे ‘स्किप्ड’ म्हणून बसतात, आणि तुम्ही स्किप वगळून टक्के काढत असाल तर आकडा झकास दिसतो. म्हणून आउटकम स्किप्ड असेल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: या टेस्टची रिझल्ट्सची यादी रिकामी आहे का, किंवा तिचा एक्स्पेक्टेड-स्टेटस स्किप्डपेक्षा वेगळा आहे का? तसं असेल तर ती ‘न धावलेली’. तिला मेसेजमध्ये स्वतंत्र जागा द्या, शून्य असली तरी.

महापेला एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. माझ्या रिपोर्टरमध्ये टक्केवारी काढताना भागाकार होता, आणि एकूण टेस्ट शून्य असतील तर उत्तर ‘नॉट अ नंबर’ असं विचित्र येई. ते कुरूप दिसतं म्हणून मी एक ओळ टाकली: एकूण शून्य असेल तर शंभर धर. ती ओळ माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. पुढे कधीतरी रात्री एकाने सामायिक फाइलचं नाव बदललं, इम्पोर्ट (दुसरी फाइल आत घेणारी ओळ) तुटला, आणि फाइल लोड होताना चूक आली की प्लेराइट एकही टेस्ट चालवत नाही. सकाळी ग्रुपवर हिरव्या खुणेसह मेसेज: १०० टक्के पास. मॅनेजरने अंगठा दिला. मीही दिला. साडेअकराला एका डेव्हलपरने सहज विचारलं, ‘आज रन एका मिनिटात कसा काय संपला?’ तेव्हा कुठे आम्ही खालची ओळ वाचली. एकूण ०, फेल ०.

त्या दिवसापासून मेसेजचा पहिला शब्द मी कधीच स्वतः मोजून काढत नाही. ऑन-एन्डला जो निकाल हातात येतो, त्याच्या स्टेटसमध्ये पूर्ण रनचं काय झालं ते असतं: पास, फेल, वेळ संपली किंवा मधेच थांबला. पहिला शब्द तिथून येतो. शिवाय ऑन-एरर हे फंक्शन लिहाच. कोणत्याही टेस्टच्या पोटात न बसणाऱ्या चुका, म्हणजे ग्लोबल सेटअप (सगळ्या टेस्टच्या आधीची तयारी) कोसळला, फाइल लोड झाली नाही वगैरे, तिथेच कळतात. तुमच्या कोडमध्ये ते फंक्शनच नाही. आणि हो, ऑन-एन्डमधून आपण वेगळा स्टेटस परत दिला तर प्लेराइट पूर्ण रनचा निकाल बदलून घेतं. ही सोय आहे म्हणून वापरायला जाऊ नका. ठाणे स्टेशनवरचा इंडिकेटर चुकला तर लोक वैतागतात, पण गाडी तिच्या रुळावर असते. इंडिकेटरच सिग्नल बदलायला लागला तर काय होईल?

दुसरं दुखणं चार मेसेजचं. शार्ड म्हणजे चार वेगवेगळ्या प्रोसेस, बहुधा चार वेगळी मशीन. प्रत्येकीत तुमचा रिपोर्टर वेगळा जन्माला येतो आणि त्याला आपले एकशेसाठ सोडून बाकी जग माहीत नसतं. बरेच जण इथे एखादी सामायिक फाइल किंवा डेटाबेस मधे आणून ‘शेवटचा कोण’ हे ठरवायला जातात. त्या वाटेला जाऊ नका. प्लेराइट १.३७ पासून ब्लॉब नावाचा रिपोर्टर आहे, तो निकाल कच्च्या रूपात झिप फाइलमध्ये ठेवतो. चारही शार्डवर फक्त तोच लावा, त्या चार झिप फाइल पाइपलाइनमध्ये (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीत) आर्टिफॅक्ट म्हणून, म्हणजे पुढच्या कामासाठी, जपा, आणि शेवटी पाचवा जॉब ठेवा जो मर्ज-रिपोर्ट्स ही कमांड चालवतो. त्या कमांडला रिपोर्टर म्हणून तुमची फाइल द्या. मग तुमच्या क्लासला चारही शार्डच्या घटना एकाच रनसारख्या मिळतात आणि मेसेज एकच जातो.

यात दोन गोष्टी सांभाळा. पाचवा जॉब आधीचे फेल झाले तरी चालला पाहिजे, नाहीतर नेमक्या वाईट रात्री मेसेज येणार नाही. बहुतेक पाइपलाइनमध्ये तशी अट लिहिता येते. दुसरी जास्त चोरटी आहे. एखादं मशीन मध्येच गेलं तर त्याची ब्लॉब फाइल येतच नाही, आणि मर्ज करणारा उरलेल्या तीन घेऊन आनंदाने रिपोर्ट बनवतो. ६४० च्या जागी ४८० टेस्ट, सगळ्या हिरव्या. म्हणून मर्जच्या आधी फोल्डरमध्ये फाइल मोजून चार नसतील तर तिथेच आरडाओरडा करणाऱ्या दोन ओळी मी शेल स्क्रिप्टमध्येच टाकते. तुम्हाला एखाद्या दिवशी तीनच मेसेज येतात त्याचं एक कारण हेही असू शकतं, ते तपासा.

दुसरं कारण मात्र तुमच्या कोडमध्ये स्पष्ट दिसतंय. ऑन-एन्डमध्ये तुम्ही मेसेज पाठवायला फेच बोलावलंय, पण अवेट केलेलं नाही (म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत थांबलेलं नाही) आणि त्याचं प्रॉमिस परतही दिलेलं नाही. ऑन-एन्डने प्रॉमिस परत दिलं तर प्लेराइट त्याच्यासाठी थांबतं. दिलं नाही तर त्याला वाटतं काम संपलं आणि प्रोसेस बंद होते. नेटवर्क चपळ असेल तर मेसेज निसटून जातो, नसेल तर अर्ध्यात तुटतो. अपलोडसारखी कामं ऑन-एक्झिटमध्ये टाकणं आणखी बरं, कारण तोवर सगळ्या रिपोर्टरचं लिहून झालेलं असतं. ऑन-टेस्ट-एन्डसाठी मात्र कुणी थांबत नाही, तिथे नेटवर्कचं काहीही ठेवू नका.

खरं सांगायचं तर मी मेसेज रिपोर्टरमधून पाठवतच नाही. रिपोर्टर फक्त एक जेसन फाइल (प्रोग्रामला सहज वाचता येणारी मजकुराची फाइल) लिहितो. पाइपलाइनमधली पुढची पायरी ती वाचून मेसेज बनवते आणि पाठवते. चॅटचा सर्व्हर बंद असला तर ती पायरी पुन्हा चालवता येते, टेस्ट नाही. मेसेजचा मजकूर बदलायचा असेल तर कालचीच फाइल घेऊन दहा वेळा करून बघता येतं. तुम्ही आत्ता शब्द बदलून बघायला पूर्ण रन लावत असाल, चाळीस मिनिटं.

इथे तुमचा शेवटचा प्रश्न आपोआप येतो. स्वतःचा रिपोर्टर लिहावा का? प्लेराइटसोबत जेसन रिपोर्टर येतोच. जेयुनिटच्या साच्यातलं एक्सएमएल देणारा येतो, एचटीएमएल येतो. तुम्हाला फक्त सकाळचा एक मेसेज हवा असेल तर जेसन रिपोर्टर आणि पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते, क्लास लिहायची गरज नाही. महिन्याभराचा इतिहास, आलेख, कोणती टेस्ट किती वेळा डळमळली हे हवं असेल तर अल्युअरसारखं तयार टूल घ्या. ते स्वतः बांधायला गेलात तर नाकापेक्षा मोती जड होतो, आणि तुम्ही कंपनी सोडल्यावर तो मोती कुणाच्याच नाकात मावत नाही. स्वतःचा रिपोर्टर मी दोनच वेळी लिहिते: रन चालू असतानाच काहीतरी कळायला हवं असतं तेव्हा, उदाहरणार्थ लॉगिनची टेस्ट पडली की लगेच खबर, किंवा टीमचं स्वतःचं वर्गीकरण लावायचं असतं तेव्हा. तुमच्याकडे ‘मॉड्यूलप्रमाणे मालक’ अशी अट आहे असं लिहिलंय. ती टेस्टला लावलेली ॲनोटेशन (टिपा) वाचून स्क्रिप्टमध्येही होते. तेव्हा आहे तो क्लास कापून लहान करा, टाकून देऊ नका.

आता मेसेज. तो कुठे वाचला जातो ते आधी डोळ्यासमोर आणा. मी ठाण्याहून सकाळी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, दिघा गाव जाईपर्यंत मला एवढंच कळायला हवं असतं की ऑफिसला पोचल्यावर धावपळ आहे की चहा आहे. नोटिफिकेशनमध्ये दोन ओळी दिसतात, उघडायलाही हात मोकळा नसतो. म्हणून माझा मेसेज असा सुरू होतो: ‘फेल. ४ फेल, त्यातल्या ३ पेमेंटमध्ये. १४ फ्लेकी. न धावलेल्या ०. एकूण ६४०.’ त्याखाली चार फेल टेस्टची नावं, प्रत्येकीपुढे चुकीची पहिली ओळ, आणि पूर्ण रिपोर्टची लिंक. टक्केवारी असलीच तर सगळ्यात खाली. कालपेक्षा नव्याने फेल झालेल्या कोणत्या, हे कळलं तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी कालची जेसन फाइल जपावी लागते.

तीन बारीक गोष्टी, ज्यांनी माझे दिवस खाल्ले. टेस्टच्या चुकीच्या मजकुरात टर्मिनलचे रंग दाखवणारी अदृश्य चिन्हं असतात. चॅटमध्ये ती चौकोनी कंसातल्या आकड्यांसारखी कचरा दिसतात. एक्सएमएलमध्ये तर ते चिन्ह चालतच नाही आणि अख्खी फाइल वाचायला नकार मिळतो. ज्यावर हे सगळं चालतं त्या नोडच्या युटिल मॉड्यूलमध्ये स्ट्रिप-व्हीटी-कंट्रोल-कॅरेक्टर्स आहे, त्यातून मजकूर काढा. त्याच जागी टोकन, ओटीपी, मोबाइल नंबरही पुसून टाका. चुकीच्या मजकुरात काय काय सापडतं ते एकदा नीट वाचाल तर घाम फुटेल.

दुसरी तारीख. आमचा रन रात्री दोनला लागतो. तेव्हा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे साडेआठ वाजलेले असतात. यूटीसीतच तारीख देणाऱ्या टू-आयएसओ-स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं घेऊन फाइलला नाव दिलं की सोमवारचा रिपोर्ट रविवारच्या नावाने बसतो. तारीख बनवताना टाइमझोन एशिया-कोलकाता असा स्पष्ट द्या.

तिसरी आपल्या लिपीची. सरकारी कामाच्या एका प्रोजेक्टवर टेस्टची नावं मराठीत होती. लांब नावं मी ठरावीक लांबीवर स्लाइस करत होते. ‘शिधापत्रिका’ हा शब्द डोळ्याला पाच अक्षरी, पण जावास्क्रिप्टच्या लेंथला तो अकरा आहे, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. सातवर कापला की उरतं ‘शिधापत्’, पाय मोडलेलं. टर्मिनलमधले रकानेही याच कारणाने वाकडे होतात. इंटल-सेगमेंटर वापरून अक्षरांप्रमाणे कापा. नोडच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षर मध्ये फुटू शकतं, पण निदान सुटी वेलांटी लोंबकळत राहत नाही.

पुढे फ्रेमवर्क बदललं तरी पहिला प्रश्न हाच विचारा: हे फंक्शन नक्की कशासाठी एकदा बोलावलं जातं? पायटेस्टमध्ये लॉगरिपोर्ट हा हुक (ठरावीक क्षणी बोलावलं जाणारं फंक्शन) एका टेस्टसाठी साधारण तीनदा येतो, सेटअप, कॉल आणि टिअरडाउनला. जेस्टमध्ये ऑन-टेस्ट-रिझल्ट नाव वाचून टेस्टचा वाटतो, पण असतो पूर्ण फाइलचा. टेस्टएनजीत रिट्राय झालेला आधीचा प्रयत्न स्किप म्हणून नोंदला जातो. नावावर विश्वास ठेवला की ६६५ आलेच.

आणि हे सगळं खऱ्या सूटवर तपासू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये आठ टेस्टचा नकली सूट करा: एक पास, एक कायम फेल, एक फ्लेकी, एक वगळलेली, एक वेळ संपणारी, एक फेल होणं अपेक्षित असलेली, आणि बिफोर-ऑल मध्ये (गटाच्या आधी चालणाऱ्या तयारीत) कोसळणाऱ्या गटातल्या दोन. फ्लेकीसाठी टेस्ट-इन्फोमधला रिट्राय शून्य असेल तर मुद्दाम चूक फेका, बस. कॉन्फिगमध्ये रिट्राय दोन ठेवा, लॅपटॉपवरही. आठांपैकी कोणती कुठल्या डब्यात पडायला हवी ते आधी कागदावर लिहा, मग चालवा. त्यानंतर एका फाइलचा इम्पोर्ट मुद्दाम तोडून पुन्हा चालवा आणि मेसेजचा पहिला शब्द काय येतो ते बघा. दोन्ही वेळची जेसन फाइल इथे टाकलीत तर उद्या संध्याकाळी परतताना बघते.